23 ग्रुप आणि सोयाबीनचं पिवळं पान

औसा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. वय 46, घरची पाच एकर कोरडवाहू जमीन, बारा जणींच्या बचत गटाच्या त्या सचिव. पत्र मोठं आहे, त्यातला गाभा असा:

"माझ्या मोबाईलमध्ये व्हॉट्सॲपचे 23 ग्रुप आहेत. सकाळ उजाडते ती फुलांच्या फोटोंनी, आणि दुपारपर्यंत मेमरी फुल्ल. गेल्या खरिपात सोयाबीन पिवळं पडलं. पानाचा फोटो ग्रुपवर टाकला तर नऊ जणांनी नऊ औषधं सांगितली. त्यातली तीन मारली, पैसे गेले, फरक काही पडला नाही. भूकंपानंतर आमचं गाव नव्या जागी बसलं. मागच्या उन्हाळ्यात सासूबाईंना दवाखान्यात न्यायला गाडी बोलावली, तर ती मोबाईलचा नकाशा बघत जुन्या गावठाणात जाऊन थांबली. पुण्यातला मुलगा म्हणतो, हे सगळं कंपन्यांच्या फायद्याचं आहे, काढून टाक. पण गटाच्या शेवया-कुरड्या दोन वर्षं स्टेटसवरच विकल्या जातायत. आम्हा साध्या माणसांना यातून काही मिळतं का, का नुसता वेळच जातो?"

ताई, नमस्कार.

मिळतं. तुमच्याच पत्रात तीन गोष्टी आहेत: पीक, गाव आणि गटाचा माल. तिन्ही ठिकाणी मोबाईलवरच्या ह्या माध्यमाचा उपयोग आहे. दोन ठिकाणी तो झाला नाही, आणि त्याचं कारण तिथे टाकलेली माहिती अर्धी होती हे आहे. वर्तमानपत्र किंवा टीव्हीवर एक जण सांगतो आणि बाकीचे ऐकतात. इथे सांगणारेही आपणच. त्यामुळे ग्रुपवर, नकाशावर, विकिपीडियावर जे दिसतं ते तुमच्या-आमच्यासारख्यांनी टाकलेलं असतं, आणि त्यात कुठलं, कधीचं, कुणी पाहिलेलं हे नसेल तर ते कुणाच्याच कामाचं राहत नाही. मुलाचं म्हणणं अर्धं खरं आहे. कंपन्या जाहिरातींवर कमावतात आणि तुमचा वेळ हाच त्यांचा माल आहे. पण ते टाळायला मोबाईल रिकामा करायची गरज नाही.

आधी सोयाबीन, कारण पैसे तिथे गेले.

एका पानाच्या फोटोवरून सोयाबीन का पिवळं पडलं हे कृषी विद्यापीठातल्या माणसालाही खात्रीने सांगता येत नाही. मराठवाड्याच्या चुनखडीच्या काळ्या रानात पाणी साचलं की पिकाला लोह उचलता येत नाही. मग शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडतात, पण शिरा हिरव्या राहतात. हे रानात पट्ट्या-पट्ट्याने, खोलगट जागी दिसतं आणि वाफसा आला, म्हणजे साचलेलं पाणी ओसरून ओल बेताची झाली, की पीक पुष्कळदा आपोआप सावरतं. नत्र कमी पडलं तर उलट खालची, जुनी पानं आधी पिवळी होतात. आणि पिवळा मोझॅक हा विषाणूचा रोग, पांढरी माशी तो पसरवते. त्यात पानावर हिरवे-पिवळे वेडेवाकडे ठिपके येतात आणि सुरुवातीला रानात इथे एक, तिथे एक असं झाड दिसतं. ते झाड पुन्हा हिरवं होत नाही. ते लवकर उपटून टाकायचं आणि माशीचा बंदोबस्त करायचा. तीन कारणं, तीन वेगळे उपाय. तुमचं पान पाहून नऊ जणांना आपापलं रान आठवलं, आणि त्यांनी आपापलं औषध सांगितलं. त्यांनी फसवलं नाही, त्यांना पुरेसं दिसलंच नाही.

म्हणून फोटो एक नको, चार हवेत. पहिला, बांधावर उभं राहून सगळ्या रानाचा, म्हणजे पिवळेपणा पट्ट्याने आहे का विखुरलेला ते कळेल. दुसरा, एक पूर्ण झाड शेंड्यापासून बुडापर्यंत. तिसरा पानाची वरची बाजू, चौथा पान उलटून खालची, कारण पांढरी माशी तिथेच बसते. पानाशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा, आकार समजतो. सकाळी आठ-नऊच्या उजेडात, स्वतःची सावली धरून काढा. भर दुपारच्या उन्हात पिवळा रंग पांढरट येतो आणि सगळीच पानं रोगट दिसतात. कॅमेऱ्याची काच आधी पदराने पुसा. रानात काम करताना तिच्यावर घामाचा आणि तेलाचा थर बसलेला असतो, आणि धूसर फोटोंचं निम्मं कारण तेच. बोटांनी झूम करू नका, हात जवळ न्या आणि पडद्यावर पानावर एकदा टेकवा, म्हणजे नेम धरला जातो. पाठवताना वर 'एचडी' असं चिन्ह दिसतं ते दाबा. नाहीतर व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं आणि शिरा हिरव्या की पिवळ्या हेच पुसलं जातं.

फोटोखाली मजकूर असा लिहा: गाव, तालुका, आजची तारीख. वाण कोणतं, पेरणी कधीची. जमीन काळी भारी का मुरमाड. शेवटचा मोठा पाऊस कधी झाला, पाणी किती दिवस साचलं. आतापर्यंत काय फवारलं आणि पंधरा लिटरच्या पंपाला किती घेतलं. एवढं टाइप करणं जड जातं हे खरं. कीबोर्डवरचा माईक दाबून मराठीत बोला, अक्षरं आपोआप उमटतात. पण बोललेला आवाज तसाच पाठवू नका. आवाजी मेसेज ग्रुपच्या शोधात सापडत नाही, लिहिलेला सापडतो. पुढच्या जुलैत कुणी त्याच ग्रुपमध्ये 'सोयाबीन पिवळं' असं शोधलं तर तुमचा मेसेज आणि त्याखालची उत्तरं वर आली पाहिजेत. नुसत्या फोटोला मागाहून शोधायचं म्हणजे शेकडो फुलांच्या फोटोंतून ते एक पान हुडकायचं.

उत्तरं आली की प्रत्येकाला एकच विचारा: हे तुम्ही तुमच्या रानात वापरलं का, कधी, आणि किती दिवसांत फरक दिसला? नऊपैकी दोघं-तिघंच याचं उत्तर देतील, तेवढीच धरा. औषधाचं नाव आणि प्रमाण मात्र ग्रुपवरून घेऊ नका. तेच चार फोटो आणि तोच मजकूर कृषी सहायकाला किंवा कृषी विज्ञान केंद्राला पाठवा. लातूर, तुळजापूर, अंबाजोगाईला केंद्रं आहेत. किसान कॉल सेंटरचा 1800-180-1551 हा क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा हवामानाधारित सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. तो ग्रुपवर कुणीतरी टाकत असेलच, फक्त त्यावरची तारीख बघा. मागच्या वर्षीचा सल्ला यंदाचा म्हणून फिरतो आणि लोक त्यावर फवारणी करतात.

आणि एक काम, जे जवळजवळ कुणी करत नाही. दहा-बारा दिवसांनी त्याच मेसेजला उत्तर म्हणून लिहा की काय केलं आणि काय झालं. काहीच फरक पडला नाही, हेही लिहा. ते लिहिलंत तर त्या नऊ औषधांतली किती कुचकामी निघाली हे गावाला कळेल.

बाजारभावाच्या मेसेजचंही असंच आहे. 'लातूर मोंढ्यात सोयाबीन कडाडलं' असा फोटो येतो, त्यावर तारीख नसते, आवक नसते. कमाल भाव हा पुष्कळदा दहा-वीस क्विंटल उत्तम मालाला मिळालेला असतो. तुमच्या मालाला जवळचा आकडा म्हणजे 'सर्वसाधारण'. राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समितीनिहाय आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे चारही आकडे रोज येतात. माल नेण्याआधी ते बघा आणि शेजारी हमीभाव ठेवा. 2025-26 साठी तो 5,328 रुपये क्विंटल होता, पण सरकारी खरेदीत ओलावा 12 टक्क्यांच्या आत लागतो.

आता गावाचं. हा प्रश्न तुमच्या एकट्याचा नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर औसा, निलंगा, उमरगा, लोहारा भागातली अनेक गावं नव्या जागी वसली. एकच नाव, दोन ठिकाणं, मध्ये काही किलोमीटरचं अंतर. नकाशे करणाऱ्यांनी जुन्या कागदांवरून नाव घेतलं असेल तर ते ओसाड गावठाणावर बसतं. गावात राहणाऱ्याने सांगितल्याशिवाय हे कुणाला कळणार?

नकाशे दोन प्रकारचे आहेत. गुगलचा नकाशा कंपनीचा. त्यात तुम्ही बदल सुचवू शकता, मान्य करायचं का ते कंपनी ठरवते. ओपनस्ट्रीटमॅप हा 2004 साली सुरू झालेला, लोकांनी लोकांसाठी केलेला नकाशा, विकिपीडियासारखा. त्यात तुम्ही स्वतः दुरुस्ती करता, ती काही मिनिटांत नोंदली जाते आणि तो नकाशा कुणीही फुकट वापरू शकतं. दोन्हीकडे काम करा. गाडीवाल्यांकडे गुगल असतं आणि पूर किंवा भूकंपासारख्या वेळी मदतीला येणाऱ्या संस्था पुष्कळदा ओपनस्ट्रीटमॅप घेऊन येतात.

गुगलवर गावाचाच बिंदू हलवायला जाल तर ते अवघड जातं, सूचना नाकारल्या जातात. सोपा मार्ग असा की नव्या गावातली ठळक ठिकाणं जोडायची: ग्रामपंचायत, जिल्हा परिषद शाळा, आरोग्य उपकेंद्र, मंदिर. नकाशात त्या जागेवर बोट दाबून धरा, 'नसलेलं ठिकाण जोडा' निवडा, नाव आणि प्रकार लिहा, दारातला पाटी दिसेल असा फोटो जोडा. पाटी दिसली की मंजुरी लवकर मिळते. मग गाडीवाल्याला गावाचं नाव सांगायचं नाही, '… जिल्हा परिषद शाळा' असं सांगायचं. एका दुपारी गटातल्या चौघींनी मिळून हे करता येतं.

ओपनस्ट्रीटमॅपचं काम शाळेतल्या किंवा सेतू केंद्रातल्या संगणकावर सोयीचं. खातं उघडायला ईमेल लागतो. नकाशा आपल्या गावावर आणून पुरेसा मोठा केला की 'संपादन' चालू होतं आणि मागे उपग्रहाचा फोटो दिसतो. नव्या गावाचे सरळ रस्ते आणि चौकोनी घरं त्यात ओळखू येतील. मध्यावर एक बिंदू टाका, प्रकार 'गाव', नाव मराठीत, आणि इंग्रजी नावाच्या रकान्यात इंग्रजीत. जुन्या गावठाणाचा बिंदू पुसू नका. लोक अजून तिकडच्या रानात जातात, तिथे देवळं आहेत. त्याचा प्रकार 'गाव' काढून 'वस्ती नसलेलं स्थान' करा आणि नावापुढे 'जुने गावठाण' जोडा. मग मुख्य रस्त्यापासून नव्या गावापर्यंतचा रस्ता तपासा. त्याची रेषा मुख्य रस्त्याच्या रेषेला खरोखर जोडलेली हवी. नुसती जवळ दिसली आणि टोकं जुळली नाहीत तर नकाशाला वाटतं रस्ता संपला, आणि तो गाडीला लांबून फिरवतो. पावसाळ्यानंतर कोरडा पडलेला ओढा उपग्रहाच्या फोटोत गाडीवाटेसारखा पांढरा दिसतो, तो रस्ता म्हणून काढला जातो. ही चूक फार होते. शंका असेल तर तिथे चालून या. आणि गुगलवरून नावं बघून इकडे उतरवू नका, त्याला परवानगी नाही. जे तुम्हाला ठाऊक आहे तेच लिहा. तांडे आणि शेतवस्त्या तर नकाशात पुष्कळदा नसतातच, त्याही टाका.

जोडलेलं ठिकाण सगळ्यांच्या मोबाईलवर यायला वेळ लागतो. तोवर अडीनडीला व्हॉट्सॲपवरून ठिकाण पाठवा. पत्र्याच्या घरातून पाठवलंत तर ते पन्नास-शंभर मीटर चुकू शकतं. अंगणात येऊन मिनिटभर थांबा, निळ्या ठिपक्याभोवतीचं वर्तुळ लहान होऊ द्या, मग पाठवा. गाडी येईपर्यंत स्वतःचं 'लाइव्ह लोकेशन' पाठवायचं तर 15 मिनिटं, 1 तास आणि 8 तास असे पर्याय आहेत, एक तास पुरतो. नेट नसेल तर नकाशाच्या ॲपमध्ये दिसणारे अक्षांश-रेखांश फोनवर वाचून सांगा. तुमच्या भागात ते 18 आणि 76 ने सुरू होतात, आणि दशांशानंतर चार आकडे सांगितले की फरक दहा-अकरा मीटरच्या आत येतो. हे आकडे वहीत, गॅसच्या पुस्तकाशेजारी आजच लिहून ठेवा. सासूबाईंना पुन्हा न्यायची वेळ आली तर घाईत शोधावे लागणार नाहीत.

गटाच्या मालाबद्दल थोडक्यात, कारण तिथे तुमचं चाललंच आहे. स्टेटस 24 तासांत जातं. व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप फुकट आहे, त्यात मालाची यादी कायम राहते. गव्हाच्या शेवया, तांदळाच्या कुरड्या, बाजरीच्या खारोड्या, प्रत्येकीचा फोटो, वजन, भाव आणि कधी केल्या ती तारीख. त्यासाठी गटाचं वेगळं सिम घ्या, घरचा नंबर गावभर नको. ब्रॉडकास्ट यादीत, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकाला वेगळा पाठवायच्या यादीत, 256 जण घालता येतात, पण ज्यांनी तुमचा नंबर त्यांच्या मोबाईलमध्ये सेव्ह केला आहे त्यांनाच मेसेज पोचतो. बायका विचारतात, पाठवलं तरी उत्तर का येत नाही, त्याचं कारण बहुधा हेच. पाकिटात एक चिठ्ठी टाका: हा नंबर सेव्ह करा. खाद्यपदार्थ विकताना अन्नसुरक्षा नोंदणी हवी, ती नसेल तर आधी ती करा आणि क्रमांक यादीत लिहा. पैसे घ्यायला कधीच पिन लागत नाही. 'पैसे पाठवतो, पिन टाका' म्हणणारा गिऱ्हाईक नाही.

राहिले 23 ग्रुप. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, त्यात ग्रुप, तिथे 'माझे संपर्क' करा, म्हणजे अनोळखी माणूस तुम्हाला कुठेही घालू शकणार नाही. स्टोरेज आणि डेटामध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. मेमरी भरण्याचं दुखणं तिथेच संपतं. नात्यातले ग्रुप सोडू नका, माणसं दुखावतात. ते 'नेहमीसाठी म्यूट' करून अर्काइव्हमध्ये टाका. उघडे ठेवायचे चार-पाच: गट, गाव, शेती, शाळा.

गटाच्या ग्रुपच्या ॲडमिन तुम्हीच असाल. कर्जाचे हप्ते आणि बैठकीच्या तारखा यांसाठी वेगळा ग्रुप करा आणि त्यात 'फक्त ॲडमिनने मेसेज पाठवावेत' हे चालू करा. बैठक कधी घ्यायची हे चाळीस मेसेजांत ठरवू नका, पोल टाका, दोन दिवसांत उत्तर मिळतं. महत्त्वाचा मेसेज 'पिन' करा, म्हणजे तो ग्रुपच्या वर टिकून राहतो. आणि बारा जणींची आधार कार्डं, पासबुकाचे फोटो ग्रुपवर गोळा करू नका. ही सवय आपल्याकडे फार आहे, योजनेची यादी करायची की सगळ्या आपापले कागद टाकतात. संदेश वाटेत कुणाला वाचता येत नाही हे खरं, पण बारा मोबाईलमध्ये तो फोटो उतरतो, आणि त्यातला एखादा दुरुस्तीला जातो, एखादा विकला जातो. झेरॉक्स हातात घ्या.

मेसेजवर दुहेरी बाण आणि 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' असं दिसलं तर तो मूळ माणसापासून निदान पाच हात पुढे आलेला आहे. 2020 पासून असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो, तो ह्याचसाठी. पाठवणाऱ्याला विचारा, कधीचं, कुठलं? उत्तर नसेल तर पुढे ढकलू नका. शेतकरी योजनेची यादी, पीक विम्याची यादी, गाडीचं चलान अशा नावाने '.एपीके' शेवट असलेली फाईल आली तर अजिबात उघडू नका. ते ॲप असतं, मोबाईलचे मेसेज वाचून बँकेचा ओटीपी पळवतं. ओळखीच्या माणसाकडून आली तरी उघडू नका, त्याचा मोबाईल आधीच हातचा गेलेला असतो. चुकून पैसे गेले तर नातेवाइकांना विचारत बसण्याआधी 1930 ह्या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन लावा. पहिल्या तासात कळवलं तर रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता बरीच जास्त असते.

मुलाला एक काम सांगा. तो पुढच्या वेळी गावी आला की त्याला घेऊन खरोसा लेण्यांकडे किंवा औशाच्या किल्ल्यावर जा आणि स्वतः काढलेले दहा-बारा चांगले फोटो विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फोटोंच्या खुल्या साठ्यात, चढवा. मराठी विकिपीडिया 1 मे 2003 पासून चालू आहे आणि मराठवाड्यातल्या कितीतरी ठिकाणांच्या पानांवर अजून एकही धड फोटो नाही. फोटो स्वतःचाच हवा, दुसऱ्याचा उचललेला काढून टाकतात. पानाच्या वर 'इतिहास' असा दुवा असतो. त्यात कुणी, कोणत्या दिवशी, काय बदललं ते ओळीने दिसतं. तो इतिहास मुलाला नीट बघायला लावा.

खरीप तोंडावर असेल तर सुरुवात काच पुसून बांधावरच्या फोटोपासून करा. पीक हिरवं असतानाचा एक फोटो, पेरणीनंतर विसाव्या दिवशी, तारखेसह ग्रुपवर असू द्या. पिवळं पडलं तर कुठल्या कोपऱ्यातून सुरू झालं ते त्याच्याशेजारी ठेवून बघता येईल.